बुजलेल्या विहिरी आणि महोत्सवाचें कर्तव्य

(वसईंतील आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत वक्त्यानें मागील पिढीचे गुण गावे, ज्यांनीं या देवळाच्या पायाचे दगड डोक्यावरून वाहिले त्यांचें स्मरण करावें, आणि उपकारकर्त्यांचे आभार मानून खालीं बसावें, असा आपला सुखाचा रिवाज आहे. आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं तो उत्तम रीतीनें पाळला आहे. समितीनें आमच्याकडे सोंपविलेला विषय मात्र निराळा आहे. तो म्हणजे आपल्या गांवचें पाणी. महोत्सवाच्या मंडपांत गटारें, टँकर आणि बुजलेलीं बावखलें यांची कथा कशाला, असें कोणास वाटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. परंतु त्यानें थोडा वेळ आमच्याबरोबर विचार करावा, एवढीच विनंति आहे.

आपल्या धर्मजीवनांत पाणी कोठें नाहीं? बालकाच्या मस्तकावर स्नानसंस्काराचें पाणी पडतें, तेव्हां तें ख्रिस्तसभेचें अंग होतें. देवळाच्या दाराशीं पवित्र पाण्यांत बोटें बुडवून आपण क्रुसाची खूण करितों. मिस्साबलिदानांत धर्मगुरु द्राक्षारसांत पाण्याचा थेंब मिसळतात. पुनरुत्थानाच्या जागरणरात्रीं पाण्यास आशीर्वाद दिला जातो; आणि अखेरीस शवपेटीवर जें शिंपडलें जातें, तेंही पाणीच. आपल्या उत्तर कोकणांतील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणण्याची चाल आहे. आज कित्येक घरीं वाजंत्री विहिरीपर्यंत जाते, कळशीची पूर्वापार रीत होते, आणि नंतर नवरीच्या स्नानाचें पाणी मात्र टांकींतून घ्यावें लागतें. खूण राहिली, पण खुणेच्या आंतील वस्तु नाहींशी झाली. हें पाहून ज्यास वाईट वाटत नाहीं असा वसईकर विरळाच असेल.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायांत इसहाकाची एक गोष्ट आहे. अब्राहामाच्या चाकरांनीं ज्या विहिरी खणल्या होत्या, त्या पलिष्टी लोकांनीं हेव्यानें माती टाकून बुजविल्या. इसहाक त्या प्रदेशांत परत आला तेव्हां त्यानें त्या पुन्हां उकरून काढल्या, आणि बापानें त्यांस जीं नांवें दिलीं होतीं तींच पुन्हां दिलीं. पुढें त्याच्या चाकरांनीं नव्या विहिरी खणल्या, त्यांवरून गुराख्यांत भांडणें झालीं. त्यानें एका विहिरीस भांडणाचें व दुसरीस वैराचें नांव दिलें, आणि तो पुढें निघून गेला. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडला नाहीं, तेव्हां तिला त्यानें मोकळ्या जागेचें नांव दिलें. या गोष्टींतील दोन गोष्टी आमच्या मनांत घर करून राहिल्या आहेत. विहीर बुजविणें हें त्या काळीं वैऱ्याचें कृत्य समजत. आणि बापाची माती झालेली विहीर पुन्हां मोकळी करणें, हें पुत्राचें कर्तव्य समजत. आपल्या गांवच्या विहिरी व बावखलें बुजविण्यास कोणी पलिष्टी आले नाहींत. तें काम पुष्कळ अंशीं आपल्याच हातून झालें आहे.

प्रथम आपल्या भूमीची रचना ध्यानांत घेऊं. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशा चतुःसीमेंत आपला तालुका वसला आहे. तीन बाजूंनीं खारें पाणी असूनही आपल्या पश्चिम पट्ट्यांत पानवेली, केळी आणि फुलांच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या कशा जगल्या? याचें उत्तर आपल्या पायांखालच्या वाळूंत आहे. पावसाचें गोडें पाणी वाळूंतून खालीं मुरतें, आणि तें खाऱ्या पाण्यापेक्षां हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगत राहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास युरोपांतील दोन अभियंत्यांनीं याचा नियम शोधून काढला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असली, तर सपाटीच्या खालीं सुमारें ४० फुटांपर्यंत गोडें पाणी सांपडावें, असा तो नियम आहे. हा हिशेब उलटही चालतो, हेंच त्यांतील भय. उपसा करून वरची पातळी १ फूट उतरविली, कीं कालांतरानें खालून खारें पाणी सुमारें ४० फूट वर येऊं पाहतें. विहीर आटली तर ती पुढील पावसांत भरते. परंतु विहीर खारावली, तर ती पुन्हां गोड होण्यास कित्येक वर्षें लागतात.

आपल्या पूर्वजांनीं हा नियम कोणत्याही पुस्तकांत वाचला नव्हता, तरी त्यांनीं तो पाळला. प्रत्येक आळींत, वाडीच्या सखल जागीं, त्यांनीं बावखलें राखलीं. पावसाळ्यांत भोंवतालचें पाणी बावखलांत उतरे, तेथून हळूहळू जमिनींत मुरे, आणि शेजारच्या विहिरींस उन्हाळ्यांत ओलावा पुरवी. रहाटगाडग्याला बैल किंवा रेडा जुंपून पाणी उपसलें जाई; तें जनावराच्या चालीनेंच वर येई, त्यामुळें माणसाच्या लोभास आपोआप लगाम बसे. उन्हाळ्यांत तळचा गाळ काढून तो वाडीस खत म्हणून घालीत. अनेक बावखलें चार-सहा कुटुंबांच्या सामाईक मालकीचीं असत, म्हणून त्यांच्या निमित्तानें शेजाऱ्यास शेजाऱ्याशीं बोलावें लागे. बावखल हें एकाच वेळीं पाण्याचें कोठार, पुराचें पोट आणि गांवच्या सलोख्याची जागा होती.

पाऊस आपल्याकडे कमी पडतो, असें कोणी म्हणूं नये. वसईंत वर्षाकांठीं सुमारें २००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. याचा अर्थ असा, कीं १ गुंठा जागेवर एका पावसाळ्यांत सुमारें २ लाख लिटर पाणी देव फुकट ओततो. बाजारांतील टँकर १० हजार लिटरांचा धरिला, तर हे २० टँकर झाले. ज्या घराचें छप्पर एक गुंठ्याचें आहे, त्या घरानें हे वीस टँकर जूनपासून सप्टेंबरपर्यंत गटारांत सोडून द्यावे, आणि एप्रिलांत एक टँकर विकत घेण्यासाठीं रस्त्यावर उभें राहावें, याला दैव म्हणावें कीं अविचार, याचा निवाडा श्रोत्यांनींच करावा.

आतां हें सारें कसें बिघडलें, तें थोडक्यांत सांगतों. मुंबईची वस्ती उपनगरांतून ओसंडून आपल्याकडे येऊं लागली. सन १९९० मध्यें वसई-विरार उपप्रदेशासाठीं सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली; सन २००९ मध्यें महानगरपालिका स्थापन झाली. येणाऱ्या माणसांचा आम्ही राग करीत नाहीं. तींही आपल्यासारखींच देवाचीं लेंकरें असून, घराच्या शोधांत येथें आलीं. परंतु घरें आधीं उभीं राहिलीं आणि नळ मागाहून आले. मधल्या काळांत त्यांची तहान भागविण्यासाठीं पश्चिम पट्ट्यांतील विहिरींना पंप बसले, आणि रात्रंदिवस टँकर भरूं लागले. समुद्राकडील कित्येक विहिरींचें पाणी मचूळ झालें, तें याच काळांत.

त्या वेळीं गांव अगदींच झोंपला नव्हता, हें नव्या पिढीनें लक्षांत ठेवावें. सन १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली. पाण्याचा उपसा व हिरव्या पट्ट्याचा नाश यांविरुद्ध तिनें लोकांना एकत्र आणिलें. फादर सुवार्ता मासिकाचे अनेक वर्षें संपादक होते. सन २०२० मध्यें उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि २५ जुलै २०२४ रोजीं प्रभूघरीं गेले. एका धर्मगुरूनें पाण्यासाठीं रस्त्यावर उतरावें काय, असें तेव्हां पुष्कळांनीं विचारिलें. सन २०१५ मध्यें पोप फ्रान्सिस यांचें लाउदातो सी हें विश्वपत्र निघालें. शुद्ध पेयजल हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क आहे, आणि गरिबास तें नाकारणें म्हणजे त्याचा जगण्याचा हक्क नाकारणें होय, असा त्याचा आशय आहे. वसईंतील आयाबहिणींनीं जें सत्य डोक्यावर हंडे घेऊन सांगितलें होतें, तेंच पुढें विश्वपत्रांत आलें, याचा आम्हांस नम्र अभिमान वाटतो.

तथापि अभिमानानें विहीर भरत नाहीं. सन २०१८ च्या जुलै महिन्यांत वसई-विरारचे भाग कित्येक दिवस पाण्याखालीं राहिले, रेल्वेगाड्या रुळांवर अडकल्या, आणि चहूंकडे पाणीच पाणी असतां कित्येक घरांत पिण्यास घोटभर पाणी नव्हतें. ज्या सखल जागा पूर्वीं पाऊस पोटांत घेत, त्या आपण भरून टाकिल्या; मग पाऊस आपल्या घरांत शिरला, तर त्याचा काय अपराध?

आणि आतां आम्हांस अप्रिय बोलावें लागणार आहे. परक्यांनीं आपलें पाणी नेलें, हें अर्धें सत्य आहे. टँकरवाल्यास पाणी विकणारा हात पुष्कळदां आपल्याच माणसाचा होता. बावखल बुजवून त्यावर घर बांधणारा आपलाच भाऊबंद होता, कारण वांटणींत दुसरी जागा त्याच्या वांट्यास आली नव्हती. त्याची अडचण खरी होती, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. आपल्या घरांचे शौचकूप कोठें आहेत? शौचकुपाचें झिरपतें पाणी पिण्याच्या विहिरीपासून निदान ५० ते ६० फूट दूर असावें, असा बांधकामाचा सर्वसाधारण दंडक आहे. भावाभावांत वांटणी होऊन जेथें एका वाडीचीं पांच आवारें झालीं, तेथें एकाचा शौचकूप दुसऱ्याच्या विहिरीस लागून आला. आपल्या सणांच्या जेवणावळींतील ताटें, द्रोण व बाटल्या दुसऱ्या दिवशीं कोणत्या नाल्यांत सांपडतात? मृतांच्या दिवशीं कबरींवर फुलें वाहून त्यांचीं प्लास्टिकचीं वेष्टनें आपण वाऱ्यावर सोडतों, तीं कोठें जातात? पश्चात्तापाच्या संस्कारांत आपण शेजाऱ्याबद्दल वाईट बोलल्याचें कबूल करितों. शेजाऱ्याच्या विहिरींत घाण सोडल्याचें कोणी कबूल केल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

अशा ठिकाणीं साधीं माणसें काय करूं शकतात, याचा एक जुना दाखला सांगतों. सन १८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडन शहरांत ब्रॉड स्ट्रीट या गल्लींत पटकीची भयंकर सांथ उद्भवली आणि थोड्याच आठवड्यांत ६०० हून अधिक माणसें दगावलीं. रोग दुर्गंधीयुक्त हवेनें पसरतो, असें तेव्हां बहुतेक विद्वान मानीत. जॉन स्नो नांवाच्या डॉक्टरानें मात्र गल्लींतील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविलें. आणि ८ सप्टेंबर रोजीं, सेंट जेम्स पॅरिशच्या स्थानिक मंडळाच्या हुकुमानें, त्या पंपाची मूठ काढून टाकण्यांत आली. त्याच वस्तींत हेन्री व्हाइटहेड हे तरुण सहायक धर्मोपदेशक होते. ते आपले पंथबंधु नव्हेत, अँग्लिकन होते. पण त्यांची सेवा कोणासही वंद्य वाटावी अशी आहे. डॉक्टरांचें मत चुकीचें ठरविण्याच्या हेतूनेंच ते घरोघर फिरले. कोण मेलें, कोण वांचलें, कोणी कोठलें पाणी प्यालें, हें त्यांनीं एकेका कुटुंबास विचारिलें. आणि अखेरीस डॉक्टरांचेंच म्हणणें खरें, असें त्यांनीं प्रांजळपणें मान्य केलें. एका आजारी बालकाचे मळलेले कपडे धुतलेलें पाणी ज्या खड्ड्यांत टाकीत, तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून ३ फुटांच्या आंत होता, हेंही त्यांच्याच चौकशीमुळें उघडकीस आलें. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याजवळ होती ती घरोघरची ओळख, आणि ती कोणत्याही धर्मग्रामाजवळ असते.

आपल्याजवळ तर आज त्याहून पुष्कळ अधिक साधनें आहेत. पाणी विष्ठेनें दूषित आहे किंवा नाहीं, हें पाहण्याची एक लहान बाटली मिळते. तींत पाणी भरून एक-दोन दिवस ठेविलें आणि तें काळें पडलें, तर तें पिऊं नये. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यांत कोलीचे जंतु मुळींच असूं नयेत. नायट्रेट लिटरमागें ४५ मिलिग्रामांहून अधिक नसावें. आणि क्लोराइड म्हणजे खारेपणाचें प्रमाण २५० पर्यंत इष्ट असून, दुसरा मार्गच नसेल तर १००० ही अखेरची मर्यादा आहे. हे आंकडे प्रत्येक विहिरीच्या मालकास आपल्या मुलांच्या वयाप्रमाणें तोंडपाठ असावे.

कायदाही आपल्या बाजूस आहे. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा सन १९७४ चा आहे. प्रदूषणरहित पाणी व हवा यांचा उपभोग हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीवनाच्या हक्काचाच भाग होय, असें सर्वोच्च न्यायालयानें सन १९९१ मध्यें सांगितलें. आणि सन २००१ मध्यें गांवचीं सार्वजनिक तळीं राखलीं पाहिजेत, असा निर्णय दिला. सन २०१० पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणही आहे. परंतु कायदा हा रहाटासारखा आहे. तो विहिरीवर नुसता उभा करून पाणी येत नाहीं. कोणीतरी त्यास फिरवावें लागतें. तारखेसह घेतलेलीं छायाचित्रें, पाणी तपासल्याचा लेखी अहवाल आणि शंभर घरांच्या सह्या असलेला अर्ज, यांपुढें कोणत्याही कचेरीस फार काळ गप्प बसतां येत नाहीं. एकट्याची तक्रार त्राग्याची समजली जाते. धर्मग्रामाची तक्रार दुर्लक्षितां येत नाहीं. आणि या कामीं आपल्या हिंदु व मुसलमान शेजाऱ्यांसही बरोबर घेतलें पाहिजे, कारण जमिनीखालचें पाणी कुंपण ओळखीत नाहीं.

आतां अखेरचा मुद्दा, आणि त्यासाठींच आम्ही येथें उभे आहों. देवळामागच्या बावखलाचा काय निकाल लावावा, हा प्रश्न समितीपुढें आहे. सुवर्णमहोत्सवाचें स्मारक म्हणून तें बुजवून तेथें वाहनतळ करावा, अशी सूचना आली आहे. सूचना करणारे आमचे मित्र असून, त्यांचा हेतु शुद्ध आहे. रविवारीं गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, वृद्धांस चालण्यास वाट उरत नाहीं, आणि तें पाणी शेवाळलेलें असून त्यांत डांस होतात, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. या म्हणण्यास उत्तर दिल्यावांचून नुसते भावनेचे शब्द बोलणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

डांस होतात ते कचऱ्यानें कोंडलेल्या, मासे नसलेल्या पाण्यांत. गाळ काढला, कांठ मोकळे केले आणि डांसांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले, तर तो त्रास पुष्कळ आटोक्यांत येतो. गाड्यांची अडचण आठवड्यांतून दोन तासांची आहे. शाळेचें मैदान त्या वेळीं रिकामें असतें, आणि ज्यांचीं घरें पाव कोसाच्या आंत आहेत त्यांनीं देवळास पायीं येण्याचें ठरविलें, तर निम्म्या गाड्या घरींच राहतील. उलट बावखलाची अडचण दोन तासांची नाहीं. तें एकदां भरलें, कीं भोंवतालच्या विहिरींचा आधार गेला. आणि ज्या गांवास आपण बावखलें राखा म्हणून सांगणार, त्या गांवास सांगण्याचें तोंडही गेलें.

शिवाय महोत्सव या शब्दाचा अर्थ आठवावा. ज्युबिली हा शब्द इस्राएल लोकांच्या रणशिंगावरून आला आहे. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा नियम सांगितला आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, दास मोकळे करावे, जमिनीस विसांवा द्यावा, आणि विकलेली जमीन तिच्या मूळच्या कुटुंबास परत करावी. कारण जमीन परमेश्वराची आहे आणि माणसें तींत पाहुण्यासारखीं राहतात. पन्नास वर्षें पुरीं झाल्यावर घेतलेलें परत करणें, हीच ज्युबिलीची मूळ रीत. मग आपण आपल्या पन्नासाव्या वर्षीं भूमीकडून आणखी एक बावखल हिरावून घ्यावें, कीं तिला एक परत द्यावें?

म्हणून आमची समितीस व आपणां सर्वांस चार मागण्या आहेत. पहिली, देवळामागचें बावखल बुजवूं नये. येत्या उन्हाळ्यांत सर्व आळ्यांनीं पाळीपाळीनें श्रमदान करून त्याचा गाळ काढावा, आणि तेंच महोत्सवाचें स्मारक मानावें. दुसरी, पावसाळ्यापूर्वीं देवळाच्या व शाळेच्या छपरांचें पाणी गाळून विहिरींत सोडण्याची व्यवस्था करावी. तिसरी, धर्मग्रामांतील प्रत्येक विहीर व बावखल यांची नोंदवही करावी, आणि वर्षांतून दोनदां, पावसाळ्याच्या आधीं व नंतर, पाण्याची तपासणी करून तिचा निकाल देवळाच्या दाराशीं लावावा. या कामीं आपले तरुण व शाळेंतील मुलें यांस घ्यावें. चौथी, आपल्या सणांत व स्मशानभूमींत टाकाऊ प्लास्टिकास बंदी असावी, आणि ती आधीं या मंडपांतल्या आजच्या जेवणापासूनच सुरू व्हावी.

शोमरोनी स्त्रीची गोष्ट आपण उपासकाळांत ऐकली आहे. प्रभु येशू थकून याकोबाच्या विहिरीच्या कांठीं बसले, आणि जीवनाच्या जलाविषयीं बोलण्यापूर्वीं त्यांनीं तिच्याजवळ साधें पाणी मागितलें. ती विहीर शेंकडों वर्षांपूर्वीं याकोबानें आपल्या मुलांसाठीं व गुरांसाठीं राखिली होती, म्हणूनच त्या दुपारीं प्रभूस बसण्यास कांठ आणि त्या स्त्रीस भरण्यास पाणी होतें. उद्यां आपल्या गांवांत कोणी थकलेला वाटसरू येऊन पाणी मागेल, तेव्हां आपल्या नातवंडांच्या कळशींत तें असावें. या धर्मग्रामाची शताब्दी साजरी होईल त्या दिवशीं आपणांपैकीं बहुतेक देवळाच्या मागल्या स्मशानभूमींत विसांवा घेत असूं. त्या दिवशीं शेजारच्या बावखलांत पाणी असो, एवढेंच आम्ही परमेश्वराजवळ मागतों.